साथीचे गणित आणि संगणक : इन्फ्लुएन्झा महामारीच्या अनुरूपणाचा इतिहास

प्रास्ताविक

रोगांच्या साथींचा इतिहास लिहिताना अभ्यासकाच्या हाताशी जी साधने असतात ती परिचयाची आहेत : मृत्यूच्या साप्ताहिक नोंदी, आरोग्याधिकाऱ्यांचे अहवाल, जनगणनेची कोष्टके, वृत्तपत्रांतील बातम्या आणि क्वचित एखादे आत्मचरित्र. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या साधनांत एका अगदी निराळ्या प्रकारच्या नोंदीची भर पडली. ही नोंद न घडलेल्या साथीची आहे. संगणकात लक्षावधी काल्पनिक माणसे निर्माण करावयाची, त्यांना घर, शाळा, कचेरी आणि प्रवास द्यावयाचा, त्यांपैकी एखाद्यास इन्फ्लुएन्झा झाला असे मानावयाचे आणि पुढे काय होते ते पाहावयाचे, ही ती पद्धती. तिला संगणकीय अनुरूपण म्हणता येईल. शाळा बंद ठेवाव्यात की नाहीत, औषधांचा साठा किती असावा, सीमा बंद करून काही साधते काय, असे प्रश्न प्रत्यक्ष समाजावर प्रयोग करून सोडविता येत नाहीत. म्हणून ते या काल्पनिक समाजावर तपासले जातात.

प्रस्तुत निबंधात या पद्धतीच्या घडणीचा मागोवा घेतला आहे. तिच्या गणिती गुणवत्तेची चर्चा संख्याशास्त्रज्ञांनी पुष्कळ केली आहे. येथे प्रश्न इतिहासाचा आहे. संगणकातील काल्पनिक माणसे कोणत्या खऱ्या माणसांवरून घडविली गेली, कोणाच्या नोंदी त्यांत आल्या आणि कोणाच्या राहिल्या, हे पाहणे हा येथील हेतू आहे. या प्रश्नाचा एक धागा मुंबईतून सुरू होतो आणि पुन्हा मुंबईपाशी येतो, ही गोष्ट मराठी अभ्यासकांच्या विशेष लक्षात यावी.

मुंबईचा आलेख

साथीच्या गणिताचा प्रारंभ साधारणतः डॅनियल बर्नूली याच्या १७६० मधील देवीविषयक गणितापासून मानला जातो. तथापि आजच्या अनुरूपणांचा थेट पूर्वज शोधावयाचा तर हिंदुस्थानात नोकरी केलेल्या दोन वैद्यकांकडे वळावे लागते. त्यांतील पहिले रोनाल्ड रॉस. १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचा परोपजीवी त्यांना आढळला, हे सर्वज्ञात आहे. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली तर शेवटचा डास न मारताही हिवताप आटोक्यात येतो, हे त्यांनी पुढे समीकरणांच्या साहाय्याने मांडले, ही बाब मात्र तुलनेने अपरिचित राहिली. दुसरे अँडरसन मॅकेन्ड्रिक. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील हे अधिकारी कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक होते. प्रकृतीच्या कारणाने ते १९२० मध्ये एडिनबर्गला परतले आणि तेथे विल्यम केरमॅक या रसायनशास्त्रज्ञाशी त्यांचा सहयोग झाला. प्रयोगशाळेतील अपघातात १९२४ साली केरमॅक यांची दृष्टी गेली होती. त्यानंतरची समीकरणे ते मनातच सोडवीत असत.

या दोघांचा १९२७ चा निबंध साथीच्या गणितातील मूळ ग्रंथासारखा मानला जातो. त्यातील कल्पना सोपी आहे. लोकसंख्येचे तीन भाग करावयाचे : रोग होऊ शकेल असे ग्रहणशील, रोग झालेले बाधित, आणि बरे झालेले अथवा दगावलेले. ग्रहणशील आणि बाधित यांची गाठ पडण्याच्या प्रमाणात रोग वाढतो, आणि ग्रहणशीलांची संख्या पुरेशी घटली की तो आपोआप ओसरतो. सर्वांना बाधा होण्यापूर्वीच साथ का थांबते, या जुन्या कोड्याचे उत्तर त्यात मिळाले. सिद्धान्ताच्या पुष्ट्यर्थ निबंधात एकच प्रत्यक्ष साथ दिली होती, ती म्हणजे मुंबई बेटावरील प्लेगची. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंचे बिंदू आणि समीकरणातून निघालेली घंटेच्या आकाराची रेषा एकमेकांवर सुरेख बसली. रेषेचे शिखर आठवड्याला सुमारे ८९० मृत्यू इतके होते. आजही साथीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत हा आलेख छापला जातो.

परंतु या सुरेख जुळणीत एक मोठी गोम होती. मुंबईतील प्लेग माणसाकडून माणसाकडे जात नव्हता. तो उंदरांचा रोग होता आणि उंदरांवरील पिसवांमार्फत माणसाला होत होता. प्लेग संशोधन आयोगाचे काम त्याच सुमारास मुंबईत चालू होते आणि त्याने ही गोष्ट निःसंशय सिद्ध केली. केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांना हे ठाऊक होते. माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब मानले आहे, असे त्यांनी निबंधातच नमूद केले. उन्हाळ्याबरोबर मुंबईचा प्लेग दरवर्षी ओसरे, तो ऋतूमुळे, हा पुढील अभ्यासकांचा आक्षेपही योग्यच होता. म्हणजे आकृती बरोबर आणि कारण चूक, अशी ही स्थिती. एखादे प्रतिमान नोंदींशी जुळले म्हणजे त्याने कारण सांगितले असे होत नाही, हा धडा या शास्त्राच्या पहिल्याच उदाहरणात लपलेला आहे. पुढे तो वारंवार विसरला गेला.

आणखी एक गोष्ट या आलेखात दडून गेली. मुंबई बेटावरील सर्व माणसे समीकरणाच्या दृष्टीने एकसारखी होती. गिरणगावातील चाळीच्या खोलीत आठ-दहा जणांसह राहणारा कामगार आणि मलबार हिलवरील बंगल्याचा मालक या दोघांची कोणाशीही गाठ पडण्याची शक्यता समान धरली होती.

मानमोडी आणि तिच्या नोंदी

समान शक्यतेचे हे गृहीतक किती दूरचे होते, हे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने दाखविले होते. महाराष्ट्रात ‘मानमोडी’ या नावाने ही साथ ओळखली गेली. मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई १० जून १९१८ रोजी तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले, अशी नोंद सापडते. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट भीषण ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. शहराचे आरोग्याधिकारी टर्नर यांच्या काळातील मृत्यूचे आकडे समाजनिहाय ठेवलेले होते. त्यांनुसार कनिष्ठ मानल्या गेलेल्या हिंदू जातींत दर हजारी ६१.६, इतर हिंदूंत १८.९ आणि युरोपीयांत ८.३ मृत्यू झाले. शहर एकच होते आणि विषाणूही एकच, तरी मृत्यूच्या प्रमाणात सातपटींहून अधिक अंतर पडले.

देशातील एकूण बळींचे अंदाज सव्वा ते दोन कोटींच्या दरम्यान आहेत. सिद्धार्थ चंद्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जिल्हानिहाय आकड्यांवरून ब्रिटिश हिंदुस्थानातील जिल्ह्यांपुरता अंदाज काढला, तो सुमारे १ कोटी ३९ लाख आहे. मुंबई इलाख्यात मृत्यूचे प्रमाण फार मोठे होते आणि लाट पूर्वेकडे सरकत गेली तसतशी तिची तीव्रता कमी झाली, असे त्याच आकडेवारीतून दिसते. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, याचे मुख्य कारण हीच साथ.

इतकी तपशीलवार सामग्री उपलब्ध असताना प्रतिमानकारांनी ती जवळजवळ नव्वद वर्षे वापरली नाही, ही विचार करण्यासारखी बाब आहे. अनुरूपणाचा पाया पुढे घातला गेला तो अमेरिकेतील लहान गावांच्या आणि सोव्हिएत शहरांच्या नोंदींवर.

गोट्यांपासून यंत्रापर्यंत

संगणकापूर्वीही अनुरूपण होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लोवेल रीड आणि वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट हे १९२० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांना साथीचे गणित शिकवीत. त्यासाठी ते रंगीत गोट्या वापरीत. एका रंगाची गोटी ग्रहणशील, दुसऱ्या रंगाची बाधित, तिसऱ्या रंगाची प्रतिकारक्षम. गोट्या मिसळून लाकडी पन्हळीत ओतल्या की कोण कोणाशेजारी पडते त्यावरून नवे रुग्ण ठरत. तोच खेळ पुन्हा मांडला की प्रत्येक वेळी निराळी साथ निघे. कधी दोन-चार गोट्यांवरच ती विझे, कधी सगळी पन्हळ व्यापी. या मांडणीत समीकरणाला न दिसणारी एक गोष्ट दिसू लागली, ती म्हणजे योगायोग. १९५० च्या दशकात मँचेस्टर येथे बार्टलेट यांनी गोवराच्या साथीसाठी हाच खेळ संगणकावर नेला.

इन्फ्लुएन्झाकडे लक्ष वळण्यास १९५७ ची ‘एशियन’ आणि १९६८ ची ‘हाँगकाँग’ अशा दोन महामाऱ्या कारण झाल्या. सोव्हिएत संघात बारोयान आणि र्‍वाचेव्ह यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून शंभराहून अधिक शहरे प्रवासी वाहतुकीने जोडलेली आहेत असे प्रतिमान रचले. एका शहरातील रुग्णसंख्येवरून दुसऱ्या शहरात साथ केव्हा पोहोचेल याचे भाकीत त्यावरून केले जाई. शीतयुद्ध चालू असतानाच र्‍वाचेव्ह आणि अमेरिकेतील आयरा लाँजिनी यांनी १९८५ मध्ये संयुक्त निबंध लिहिला, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्यात जगातील ५२ शहरे विमानवाहतुकीच्या आकड्यांनी जोडून १९६८-६९ ची महामारी पुन्हा घडविली होती.

अमेरिकेतील धारा निराळी होती. लिला एल्व्हबॅक, जॉन फॉक्स आणि युजीन अॅकरमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतिमानात शहरे नव्हती, १००० माणसांचे एक गाव होते. त्या गावात कुटुंबे होती, लहान मुलांचे खेळगट होते, शाळा होत्या. प्रत्येक माणूस संगणकाच्या स्मृतीत स्वतंत्रपणे नोंदलेला होता. लस मर्यादित असेल तर ती कोणास द्यावी, हा प्रश्न या गावापुढे ठेवण्यात आला. शाळकरी मुलांस लस दिल्यास सर्व गावाचे संरक्षण होते, असे उत्तर मिळाले. या उत्तराला प्रत्यक्षाचा आधारही होता. १९६८ मध्ये मिशिगनमधील टेकम्सी या गावात सुमारे ८५ टक्के शाळकरी मुलांना लस टोचण्यात आली तेव्हा शेजारच्या एड्रियन गावापेक्षा तेथे आजार बराच कमी राहिला होता. घरातील एकाला फ्लू झाल्यास दुसऱ्यास होण्याची शक्यता किती, ही संख्याही पुढे टेकम्सी व सिअॅटल येथील कुटुंबांच्या नोंदींवरूनच काढण्यात आली.

त्याच १९७६ साली न्यू जर्सीतील फोर्ट डिक्स या लष्करी तळावर डुकरांतील इन्फ्लुएन्झासदृश विषाणू आढळला आणि एक सैनिक दगावला. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी संपूर्ण राष्ट्रास लस देण्याची घोषणा केली. सुमारे ४ कोटी लोकांना लस टोचून झाल्यावर, चेतासंस्थेच्या एका दुर्मीळ विकाराचे रुग्ण दिसू लागल्याने डिसेंबरात ती मोहीम थांबवावी लागली. महामारी आलीच नाही. लस कोणास द्यावी हे १००० माणसांचे गाव सांगू शकत होते, पण मुळात साथ येणार आहे काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा होता. अनुरूपण नेहमीच ‘जर’ पासून सुरू होते. राज्यकर्त्यांच्या कानावर मात्र पुष्कळदा ‘तर’ एवढेच पडते.

थायलंडमधील काल्पनिक साथ

या शास्त्राचा खरा बहर २००५ आणि २००६ या दोन वर्षांतला. हाँगकाँगमध्ये १९९७ साली पक्ष्यांतील एच-५-एन-१ विषाणूची १८ माणसांना बाधा झाली आणि ६ जण दगावले. २००३ नंतर व्हिएतनाम व थायलंडमध्ये तो पुन्हा उद्भवला. हा विषाणू माणसामाणसांत सहज पसरू लागला तर काय, या भीतीने ऑगस्ट २००५ मध्ये दोन अनुरूपणे जवळजवळ एकाच वेळी प्रसिद्ध झाली.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील नील फर्ग्युसन यांच्या गटाने थायलंड व त्याच्या सीमेलगतचा १०० किलोमीटरचा पट्टा यांतील साडेआठ कोटी माणसे संगणकात उभी केली. लाँजिनी यांच्या गटाने ग्रामीण थायलंडमधील ५ लाख लोकांचे प्रतिमान घेतले. दोघांचा निष्कर्ष एकाच दिशेचा होता. साथ अगदी आरंभी ओळखली, रुग्णांभोवतीच्या परिसरात ऑसेल्टामिविर हे विषाणुरोधक औषध सर्वांना दिले आणि लोकांच्या भेटीगाठी कमी केल्या, तर महामारी उगमापाशीच विझविता येईल. अट एवढीच की एका रुग्णापासून सरासरी किती नवे रुग्ण होतात ती संख्या, म्हणजे मूलभूत पुनरुत्पादन संख्या, फर्ग्युसन गटाच्या हिशेबाने १.८ च्या आणि लाँजिनी गटाच्या हिशेबाने १.६ च्या खाली असावी. इन्फ्लुएन्झाच्या एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंतचे अंतर फर्ग्युसन गटाने अवघे २.६ दिवस काढले होते. तेव्हा ‘अगदी आरंभी’ म्हणजे दोन-तीन आठवड्यांच्या आतच. त्यापुढे प्रत्येक दिवस मोलाचा.

याचा परिणाम तात्काळ झाला. फर्ग्युसन गटाच्या अनुरूपणात ३० लाख औषधोपचारांचा साठा पुरेसा ठरला होता. त्याच ऑगस्टमध्ये औषधनिर्मात्या रोश कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेला तेवढाच साठा देण्याचे मान्य केले आणि संघटनेने जलद नियंत्रणाचा आराखडा तयार केला. समीकरणातील आकडा गोदामातील खोक्यांत उतरल्याचे इतके स्पष्ट उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात विरळाच. थायलंडमधील खेड्यांची रचना तेथील जनगणनेवरून घेतली होती, हे खरे. पण कोणत्या वयाच्या माणसास किती बाधा होते, ही प्रमाणे लाँजिनी गटाने १९५७-५८ च्या महामारीतील नोंदींवरून बेतली होती. घरे थाई होती, विषाणूचे वर्तन जुन्या महामारीकडून उसने आणलेले होते.

पुढील वर्षी प्रमाण आणखी वाढले. न्यू मेक्सिकोतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत टिमोथी जर्मन आणि काय काडाऊ हे पदार्थवैज्ञानिक धातूंतील अणूंच्या हालचालींचे अनुरूपण करीत. त्याच आज्ञावलीत अणूंच्या जागी माणसे बसवून त्यांनी लाँजिनी व मॅकेन यांच्यासह अमेरिकेच्या सर्व २८ कोटी १० लाख रहिवाशांची साथ रचली. फर्ग्युसन गटाने २००६ मध्ये ब्रिटन व अमेरिकेसाठी केलेल्या अनुरूपणातून एक निष्कर्ष फार महत्त्वाचा निघाला : सीमांवरील निर्बंध ९९ टक्क्यांहून अधिक परिणामकारक नसतील तर साथीस दोन-तीन आठवड्यांहून अधिक विलंब होत नाही. शाळा बंद केल्याने शिखर ४० टक्क्यांपर्यंत खाली येईल, परंतु एकूण रुग्णसंख्येत फारसा फरक पडणार नाही, असेही त्यांना आढळले.

त्याच वर्षी सँडिया प्रयोगशाळेतील रॉबर्ट ग्लास यांच्या गटाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा उगम त्यांच्या मुलीच्या शालेय विज्ञान-प्रकल्पात होता आणि तिचे नाव सहलेखकांत आहे. १०,००० वस्तीच्या गावात शाळा बंद करून मुलांना व किशोरांना घरीच ठेवले तर १९५७ सारखी साथ ९० टक्क्यांहून अधिक रोखता येते, असे त्यात दाखविले होते. दोन वर्षांनी कोशमे व सहकाऱ्यांनी फ्रान्समधील शाळांच्या सुट्ट्या आणि फ्लूचे प्रत्यक्ष रुग्ण यांचा मेळ घालून पाहिला, तेव्हा दीर्घ शाळाबंदीने महामारीतील एकूण रुग्ण १३ ते १७ टक्के कमी होतील असा अंदाज आला. नव्वद आणि सतरा यांतील अंतर मुलांविषयीच्या एका गृहीतकात होते. शाळा बंद झाली की मूल घरात बसते, की मित्राकडे जाते? ग्लास गटाने पहिले मानले होते. ज्यांच्या घरी लेकरे आहेत त्यांना या प्रश्नाचे उत्तर संगणकाविना देता आले असते.

टीकाकार आणि दप्तरखाना

आक्षेप घेणाऱ्यांत सर्वांत वजनदार नाव डी. ए. हेंडरसन यांचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या देवी निर्मूलन मोहिमेचे ते प्रमुख होते आणि साथ प्रत्यक्ष जमिनीवर कशी आवरावी लागते याचा त्यांच्याइतका अनुभव क्वचितच कोणाला असेल. २००६ मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की, शाळा बंद झाल्यावर आईला कामावर जाता येत नाही, रोजंदारी बुडते, शाळेतील जेवण बंद होते. या दुय्यम परिणामांना प्रतिमानात स्थानच नाही. समाजाचे नित्य व्यवहार जितके कमी विस्कळीत होतील तितका तो साथीला चांगला तोंड देतो, असा त्यांचा अनुभव होता. पुण्यात १८९७ साली प्लेगच्या घरझडत्यांनी काय घडविले हे ज्या वाचकांना ठाऊक आहे, त्यांना या मताचे आश्चर्य वाटणार नाही. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननेही डिसेंबर २००६ मध्ये केवळ प्रतिमानांवर विसंबण्याविरुद्ध सावधगिरीचा इशारा दिला.

यातून एक अनपेक्षित लाभ झाला. प्रतिमानांना आधार शोधण्यासाठी अभ्यासक जुन्या दप्तरांकडे वळले. हॅचेट, मेचर आणि लिप्सिच यांनी १७, तर वैद्यक-इतिहासकार हॉवर्ड मार्केल यांच्या गटाने ४३ अमेरिकन शहरांतील १९१८ चे नगरपालिकेचे अहवाल, वृत्तपत्रे आणि साप्ताहिक मृत्यू धुंडाळले. दोन्ही अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. फिलाडेल्फियाने २८ सप्टेंबर १९१८ रोजी युद्धकर्जासाठी प्रचंड मिरवणूक काढली. सेंट लुईसने पहिले रुग्ण दिसताच दोन दिवसांत शाळा, नाट्यगृहे व सभा बंद केल्या. दोन्ही शहरांच्या मृत्यूच्या आलेखांची तुलना त्यानंतर जगभर गाजली. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत अनुरूपण आणि इतिहास असे दोन्ही पुरावे शेजारी शेजारी होते. अर्थात ४३ शहरे अमेरिकन होती. त्यांत मुंबईसारखे एखादे शहर नव्हते.

पुणे, २००९

महामारी आली ती २००९ मध्ये, परंतु अपेक्षित दिशेने नव्हे. विषाणू आग्नेय आशियातील कोंबड्यांतून न येता मेक्सिकोत, डुकरांतील विषाणूंच्या संकरातून आला. एप्रिलच्या मध्यास कॅलिफोर्नियातील दोन मुलांत तो ओळखला गेला, तेव्हा मेक्सिकोत तो कित्येक आठवडे पसरत होता. उगमापाशी साथ विझविणे आता शक्य नाही, हे २७ एप्रिल रोजी जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. ११ जूनला महामारी घोषित झाली. थायलंडसाठी रचलेली योजना चुकीची नव्हती, ती वापरण्याचा क्षणच हाती आला नाही. वेळेवर ओळख, या एका गृहीतकावर सारी इमारत उभी होती.

भारतात १६ मे २००९ रोजी हैदराबाद येथे पहिला रुग्ण निश्चित झाला. विमानतळांवर प्रवाशांची तपासणी चालू होती. ती किती विलंब घडवू शकेल याचे उत्तर २००६ च्या अनुरूपणात आलेले होते. जुलैत पाचगणीच्या एका निवासी शाळेत साथ पसरली आणि राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या अभ्यासकांनी तिची नोंद प्रसिद्ध केली. साथीच्या गणितात निवासी शाळेला विशेष स्थान आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमधील ७६३ मुलांच्या एका वसतिगृह-शाळेत ५१२ मुले अंथरुणाला खिळली होती आणि केरमॅक-मॅकेन्ड्रिक यांचे समीकरण त्या आकड्यांवर आजही विद्यार्थ्यांकडून सोडवून घेतले जाते. बंदिस्त आवार, एका वयाची मुले, एकच भोजनगृह : प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते हे गृहीतक जेथे खरे ठरते अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

पुणे शहर तसे नव्हते. ३ ऑगस्टला तेथे देशातील पहिला मृत्यू झाला, आणि पुढील काही दिवसांत शाळा, महाविद्यालये, चित्रपटगृहे बंद ठेवण्यात आली. मुंबईतही शाळा आठवडाभर बंद राहिल्या. दहीहंडी आणि गणेशोत्सव तोंडावर होते. राज्य सरकारने साथरोग कायद्यातील अधिकार वापरले. हा कायदा १८९७ चा, म्हणजे मुंबईच्या प्लेगसाठीच केलेला. शहरासाठी स्वतंत्र अनुरूपण मात्र त्या वेळी हाताशी नव्हते. आठवडाभराची शाळाबंदी शिखर लांबविण्यास पुरेशी आहे काय, हे सांगणारे आकडे होते ते ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिकेचे.

कृत्रिम दिल्ली, कृत्रिम मुंबई

भारतीय शहर संगणकात उभे करण्याचे प्रयत्न त्यानंतरचे आहेत. लॉस अलामोस येथे वाहतुकीच्या अभ्यासासाठी रचलेल्या पोर्टलंड शहराच्या कृत्रिम लोकसंख्येवर यूबँक, माधव मराठे आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये देवीच्या साथीचे अनुरूपण केले होते. मराठे यांच्याच पुढील गटाने सुमारे १ कोटी ३८ लाख वस्तीची कृत्रिम दिल्ली रचली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तुलना साधी होती. एकदा झोपडपट्ट्या इतर वस्तीसारख्याच धरल्या आणि एकदा तेथील मोठी कुटुंबे व दाट संपर्क वेगळे नोंदले. झोपडपट्टीतील लोक एकूण वस्तीच्या सुमारे १३ टक्केच होते. तरीही त्यांना वगळून काढलेल्या अंदाजात इन्फ्लुएन्झाचा वेग आणि विस्तार दोन्ही कमी दिसले, आणि ही तूट झोपडपट्टीबाहेरच्या दिल्लीलाही लागू होती.

पाठ्यपुस्तकांतील संपर्काचे आकडे प्रामुख्याने २००८ मध्ये आठ युरोपीय देशांतील ७,२९० व्यक्तींच्या रोजनिशींवरून आलेले होते. भारतात अशा प्रकारची पाहणी हरियाणातील बल्लभगढ परिसरातील खेड्यांत झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

दोन वर्षांनी आलेली कोविड-१९ ची महामारी इन्फ्लुएन्झाची नव्हती, पण तिला तोंड देणारी साधने इन्फ्लुएन्झासाठीच घडविलेली होती. १६ मार्च २०२० रोजी इम्पीरियल कॉलेजच्या गटाने जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात काहीच उपाय न केल्यास ब्रिटनमध्ये ५ लाख १० हजार आणि अमेरिकेत २२ लाख मृत्यूंचा अंदाज होता. त्यामागे २००५-०६ मध्ये लिहिलेली तीच आज्ञावली होती. ती तेरा वर्षांहून जुनी, हजारो ओळींची आणि कोणतेही टिपण नसलेली आहे, हे फर्ग्युसन यांनी स्वतःच सांगितले तेव्हा बरीच खळबळ उडाली. पुढे ती सुधारून खुली करण्यात आली आणि केंब्रिजच्या एका अभ्यासकाने ती स्वतंत्रपणे चालवून पाहता अहवालातील निष्कर्ष पुन्हा मिळाले. आज्ञावली सदोष होती की नाही यावरच बहुतेक वाद झाला. तिच्यातील घरे, शाळा आणि कचेऱ्या कोणत्या समाजाच्या होत्या, हा प्रश्न भारतासारख्या देशांत अधिक विचारला जावयास हवा होता.

बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी २०२० मध्ये शहरपातळीवरील अनुरूपण तयार केले. त्यातील मुंबईत प्रभाग होते, उपनगरी गाड्यांतील प्रवास होता, आणि झोपडपट्टी व बिगर-झोपडपट्टी अशा वस्तीच्या दोन वेगळ्या नोंदी होत्या. झोपडपट्टीतील संपर्काचे प्रमाण अधिक धरले होते. जुलै २०२० मध्ये दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या भागांचा समावेश असलेल्या तीन प्रभागांत ६,९३६ रक्तनमुन्यांची तपासणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत आणि इतर वस्तीत १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली.